एंजिन पुढे, टर्बो मागे

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जाळले, की सुमारे सव्वातीन कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. मोटारीच्या एंजिनात या ऊर्जेची वाटणी कशी होते, ठाऊक आहे? ढोबळ मानाने तिचे तीन सारखे वाटे पडतात. एक वाटा चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा वाटा एंजिनाभोवती खेळणारे पाणी घेऊन जाते आणि रेडिएटरमधून तो हवेत जातो. तिसरा वाटा जळलेल्या वायूंबरोबर सायलेन्सरच्या नळीतून थेट रस्त्यावर सांडतो. हा तिसरा वाटा म्हणजे लिटरमागे सुमारे एक कोटी ज्यूल. एक टन वजनाची मोटार सरळ एक किलोमीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा पुरेल!

या सांडणाऱ्या ऊर्जेतली थोडी तरी परत मिळवावी, म्हणून जे यंत्र वापरतात त्याचे नाव टर्बोचार्जर. हे यंत्र नेहमी एंजिनाला अगदी चिकटून बसवलेले असते. वायू जितके गरम असतील तितके चांगले, हे त्यामागचे साधे कारण.

परंतु अमेरिकेत मोठ्या पिकअप ट्रकांचे काही मालक वेगळाच उद्योग करतात. एंजिन पुढे बॉनेटखाली, आणि टर्बोचार्जर मात्र तीन-चार मीटर मागे, हौद्याच्या खाली, जेथे एरवी सायलेन्सर असतो तेथे! तिथवर पोहोचेपर्यंत वायू बरेच निवतात. ज्या उष्णतेवर यंत्र चालायचे तीच वाटेत सांडली, तर चाक फिरेल कसे? आणि ते फिरते, ही तर पाहिलेली गोष्ट आहे. मग उष्णतेचा आणि टर्बोचार्जरचा संबंध खरा की खोटा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शाळेत शिकलेले वायूंचे नियम फार उपयोगी पडतात. चला, शोधू या.

एंजिनाची भूक हवेची

एंजिनाची शक्ती वाढवायची तर पेट्रोल जास्त घालावे, असे प्रथम वाटते. पण एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल वाढवले, तर जास्तीचे पेट्रोल अर्धवट जळून वाया जाते. तेव्हा एंजिनाची शक्ती ठरते ती त्याला किती हवा मिळते यावर.

एक उदाहरण घेऊ. शेव्हरोले कंपनीच्या सिल्व्हेराडो या अमेरिकन पिकअपमध्ये ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन बसवत आले आहेत. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतो. म्हणून एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करत असेल, तर ते मिनिटाला ५.३ × १,५०० = ७,९५० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३२ लिटर हवा गिळते. (प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, त्यामुळे हा आकडा थोडा कमी असतो.) सिलिंडरांचे आकारमान तर बदलता येत नाही. मग तेवढ्याच आकारमानात जास्त वजनाची हवा कशी भरायची? उत्तर सरळ आहे: हवा आधी दाबून दाट करायची आणि मग आत सोडायची.

टर्बोचार्जर हेच करतो. त्यात एका छोट्या दांड्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन चाके असतात. एका चाकावर एंजिनातून बाहेर पडणारे जळलेले वायू, म्हणजे निष्कास वायू, आदळतात आणि ते फिरू लागते. हे टर्बाइन. दुसरे चाक त्याच दांड्यावर असल्यामुळे तेही फिरते, बाहेरची ताजी हवा ओढते आणि दाबून एंजिनाकडे पाठवते. हा संपीडक. चाकांचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांपर्यंत! या वेगाने चाकाचा कड सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगाने धावत असतो. गणित करून खात्री करून घ्या.

ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल एंजिनांची शक्ती या युक्तीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. आपल्या रेल्वेवर १९६२ पासून आलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची २,६०० अश्वशक्तीची डिझेल एंजिनेही टर्बोचार्जरवालीच होती. गाडी सुटताना त्यांच्या धुराड्यातून काळाकुट्ट लोट उसळत असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना तो नक्की आठवत असेल. हा लोट ध्यानात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

मागे का न्यायचा?

एंजिनाच्या खोलीत दाटी असते. तेथे टर्बोचार्जर घुसवायचा तर निष्कास वायूंच्या मूळ नळ्या काढून नव्या घडवाव्या लागतात. शिवाय तापून लाल होणाऱ्या त्या यंत्राजवळची विजेची तार, रबरी नळी, प्लॅस्टिकचे झाकण, सारे सांभाळावे लागते. पिकअपचे तसे नाही. पाच मीटरहून लांब गाडी, खाली लोखंडी तुळयांची चौकट आणि तिच्यात भरपूर मोकळी जागा. सायलेन्सर काढला की त्याच जागी टर्बोचार्जर बसतो. वायू तेथपर्यंत जुन्याच नळीने येतात. संपीडकाने दाबलेली हवा मात्र एका नव्या लांब नळीतून पुढे एंजिनाकडे आणावी लागते. यूटा राज्यातील स्क्वायर्स टर्बो सिस्टिम्स या कंपनीने २००० नंतरच्या दशकात अशा जोडणीचे तयार संच विकायला आणले आणि ही रचना बरीच गाजली.

ती गाजली तसा एक वादही गाजला. एक पक्ष म्हणे, “टर्बाइन उष्णतेवर चालते, मागे नेल्यावर ते मरतुकडे होणारच.” दुसरा पक्ष म्हणे, “उलट गार वायू जास्त दाट असतो, त्यामुळे तो पात्यांवर जास्त जोराने आदळतो. गार झालेलेच बरे!”

दोन्ही बाजू तपासून पाहू.

दाटपणाचा मोह

समजा, एंजिनातून निघताना निष्कास वायूंचे तापमान ८५० अंश सेल्सिअस आहे आणि मागे पोहोचताना ते ६५० अंश उरले आहे. ही घट गाडीचा वेग, नळीची लांबी, तिच्यावरचे वेष्टण यांवर अवलंबून असते, पण गणितासाठी २०० अंश धरू. वायूंच्या नियमांत सेल्सिअस अंश चालत नाहीत, केल्व्हिन मापातील निरपेक्ष तापमान घ्यावे लागते. म्हणजे ११२३ के. आणि ९२३ के.

चार्ल्सच्या नियमानुसार दाब तोच असेल तर वायूचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. ९२३ भागिले ११२३ म्हणजे सुमारे ०.८२. म्हणजे जो वायू पुढे १०० लिटर होता, तो मागे ८२ लिटरच राहिला. वायू दाट झाला, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे आहे. पण त्याचे वस्तुमान काही वाढले नाही! एंजिनातून दर सेकंदाला जेवढे ग्रॅम निघाले, तेवढेच ग्रॅम मागे पोहोचले. उलट त्याच नळीतून कमी लिटर जायचे असल्यामुळे त्याचा वेग घटला. तेवढेच वस्तुमान आणि कमी वेग, म्हणजे धक्का कमीच. दाटपणाच्या मोहात पडून दुसरा पक्ष हे विसरतो.

मग पहिला पक्ष जिंकला का? थांबा. टर्बाइन वायूकडून काम कसे करून घेते ते पाहू.

पायरीची उंची

पाणचक्की चालायला पाणी उंचावरून खाली पडावे लागते. वायूच्या बाबतीत ही पायरी दाबाची असते. टर्बाइनच्या आत दाब जास्त, बाहेर कमी, आणि या पायरीवरून उतरताना वायू प्रसरण पावतो, काम करतो आणि केलेल्या कामाएवढी उष्णता गमावून निवतो. सायकलचा पंप मारताना हवा दाबली जाऊन पंप गरम होतो ना? त्याच्या नेमकी उलट ही क्रिया आहे.

निर्दोष टर्बाइनमध्ये वायू किती निवेल याचा एक सुंदर नियम आहे. तो आपल्या निरपेक्ष तापमानाचा एक ठरावीक हिस्सा गमावतो, आणि तो हिस्सा फक्त दाबांच्या गुणोत्तरावर ठरतो. गरम निष्कास वायूंसाठी आतला दाब बाहेरच्या १.२८ पट असेल तर हा हिस्सा सुमारे ६ टक्के येतो. १.३५ पट असेल तर सुमारे सव्वासात टक्के.

आता दोन्ही ठिकाणचे हिशेब शेजारी शेजारी मांडा.

एंजिनाजवळ: ११२३ चे ६ टक्के = सुमारे ६७ अंश.

मागे हौद्याखाली: ९२३ चे सव्वासात टक्के = सुमारे ६७ अंश.

उत्तर तेच! वायूचे तापमान २०० अंशांनी उतरले, तरी दाबाची पायरी १.२८ वरून १.३५ केली की काम तेवढेच मिळते. म्हणजे टर्बाइनचे काम तापमान आणि दाब या दोघांच्या जोडीवर ठरते. एकात घट आली तर दुसऱ्याने ती भरून काढता येते, फुकट मात्र नाही. दोन्ही पक्षांनी या जोडीतले एकेक टोक धरून भांडण मांडले होते.

खरे टर्बाइन निर्दोष नसते. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ६७ ऐवजी ४४ अंशच पदरात पडतात. एवढ्याने भागते का? बाहेरची हवा २७ अंशांवर आहे आणि ती दीडपट दाबापर्यंत दाबायची आहे असे समजू. ७० टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकात ती हवा सुमारे ५३ अंशांनी तापते, म्हणजे ८० अंशांवर जाते. निष्कास वायूंची विशिष्ट उष्णता हवेपेक्षा जास्त असते आणि त्यांत पेट्रोलचे वस्तुमानही मिळालेले असते. त्यामुळे त्यांचे ४४ अंश हवेच्या ५३ अंशांना पुरतात. आपल्या एंजिनाच्या ३,००० फेऱ्यांना हे काम सुमारे १० किलोवॅट, म्हणजे १३ अश्वशक्ती इतके भरते.

येथे क्षणभर थांबून एक तुलना करा. नळीतून येताना वाऱ्यावर गेले २०० अंश. टर्बाइनने घेतले फक्त ४४. आणि उरलेले सहाशेच्या वर अंश घेऊन वायू शेवटी बाहेर पडलाच. टर्बोचार्जरला लागणारा घास सांडणाऱ्या उष्णतेच्या मानाने इतका लहान आहे, म्हणूनच वाटेतली गळती सोसूनही त्याचे पोट भरते.

भिरभिऱ्याचा प्रयोग

पण हा १.३५ पट दाब आणायचा कोठून? त्यासाठी एक प्रयोग करा. कागदाचे भिरभिरे घ्या. एकदा रुंद नळीतून, उदाहरणार्थ वहीच्या पुठ्ठ्याच्या गुंडाळीतून, त्याच्या पात्यांवर फुंका. मग शीतपेयाच्या बारीक नळीतून फुंका. बारीक नळीने भिरभिरे जोरात फिरेल, पण तुमचे गाल दुखतील. नळीचे तोंड लहान झाल्यामुळे तोंडातला दाब वाढला, झोताचा वेग वाढला आणि त्याची किंमत तुमच्या गालांनी मोजली.

मागे बसवायच्या टर्बोचार्जरमध्ये हीच युक्ती करतात. टर्बाइनभोवती गोगलगाईच्या शंखासारखे एक बिडाचे घर असते. त्यातून वायू चाकाकडे वळतात. मागच्या टर्बोसाठी हे घर मुद्दाम लहान तोंडाचे निवडतात. नाही तरी वायूचे आकारमान ८२ टक्केच उरले आहे, मोठे तोंड हवे कशाला? पुढच्या टर्बोचे मोठे घर तसेच मागे बसवले तर मात्र चाक रेंगाळते, आणि “मागचा टर्बो कुचकामाचा” असा बोभाटा होतो. दोष जागेचा नसून मापाचा असतो.

आणि येथे गाल कोणाचे दुखतात? एंजिनाचे. सिलिंडरातला दट्ट्या जळलेले वायू बाहेर ढकलतो, तेव्हा त्याला आता थोड्या जास्त दाबाविरुद्ध ढकलावे लागते. ही वाढ ०.०७ वातावरण, म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल. दर सेकंदाला १३२ लिटर आकारमानाचे वायू या जादा दाबाविरुद्ध ढकलायचे. दाब गुणिले आकारमान म्हणजे काम, हे सूत्र लावा: उत्तर जेमतेम १ किलोवॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्ती. हवा दीडपट दाबाने मिळवण्यासाठी ही किंमत जड नाही. शिवाय मागच्या टर्बोतून सुटलेल्या वायूंना पुढे लांब नळी आणि सायलेन्सर ओलांडायचे नसतात, त्यामुळे तेवढा अडथळा वाचतो.

विमानाच्या पोटातील टर्बो

टर्बोचार्जर एंजिनापासून दूर ठेवण्याचे धाडस पिकअपवाल्यांच्या कितीतरी आधी विमानांच्या रचनाकारांनी केले होते.

उंचावर हवा विरळ होते आणि एंजिनाचा श्वास कोंडतो. अमेरिकेत १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचे विमानाचे एंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन माथ्यावर २३० वर आले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले!

पुढे दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्ट हे लढाऊ विमान आले. त्याचे पहिले उड्डाण ६ मे १९४१ रोजी झाले. त्याच्या नाकात अठरा सिलिंडरांचे, २,००० अश्वशक्तीचे एंजिन होते, पण टर्बोचार्जर होता वैमानिकाच्याही मागे, शेपटीकडच्या भागात. निष्कास वायू विमानाच्या पोटाखालून लांब नळ्यांनी मागे जात, आणि दाबलेली हवा थंड करून पुन्हा पुढे आणली जाई. नेमकी आपल्या पिकअपची रचना! ब्रिटिश हवाई दलाने १९४४ पासून ही विमाने भारतातल्या तळांवरून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरली.

एवढ्या लांबून येऊनही तेथे टर्बाइन उत्तम चाले, कारण ९ किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब फक्त ०.३ वातावरण असतो. नळीतला दाब एक वातावरणाच्या आसपास ठेवला, तरी पायरी तिपटीहून मोठी होते आणि वायू आपल्या निरपेक्ष तापमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा कामात घालू शकतो. जमिनीवरच्या पिकअपला निसर्गाकडून अशी आयती पायरी मिळत नाही. म्हणून त्याला लहान घराचा आधार घ्यावा लागतो.

परतीची वाट

आता दाबलेल्या हवेचा पुढचा प्रवास पाहू. तिचा दाब दीडपट झाला म्हणून तिची घनता दीडपट झाली, असे समजू नका. दाबताना ती ८० अंशांपर्यंत तापली आहे. ३०० के. भागिले ३५३ के. हे गुणोत्तर लावले तर घनता वाढते फक्त १.२७ पट. पण चार मीटर लांब धातूच्या नळीतून, गाडीखालच्या वाऱ्यात येताना ती निवते. ५० अंशांपर्यंत उतरली तर घनता १.३९ पट होते. निष्कास वायूंच्या बाबतीत नुकसानीचा ठरलेला लांब प्रवास येथे फायद्याचा ठरतो. एंजिनाजवळच्या टर्बोला यासाठी इंटरकूलर नावाचा वेगळा शीतक जोडावा लागतो.

पण लांब नळीला दुसरी बाजू आहे. नळीचा व्यास ६.५ सेंटिमीटर असेल, तर चार मीटर नळीत सुमारे १३ लिटर हवा मावते. तिचा दाब दीडपट करायला आणखी साडेसहा लिटर हवा कोंबावी लागते. १,५०० फेऱ्यांना एंजिन सेकंदाला ६६ लिटर हवा गिळते. संपीडक त्यापेक्षा १० टक्के जास्त हवा देत असेल, तर नळी भरायला पूर्ण एक सेकंद लागेल. चालकाने पाय दाबला आणि गाडी एक सेकंद विचारच करत राहिली!

खरा उशीर याहून थोडा जास्तच होतो. आधी निष्कास वायूंची नळी तापते, मग टर्बाइनचे चाक वेग घेते, मग हवेची नळी भरते. शिवाय प्रत्येक सिलिंडराची झडप उघडताना वायूंचा जो ठोसा बसतो, तो जवळच्या टर्बाइनला जोर देतो. लांब नळीत हे ठोसे एकमेकांत मिसळून विरून जातात. आता डब्ल्यूडीएम-२ चा तो काळा लोट आठवा. चालकाने डिझेल वाढवले, पण टर्बोने अजून वेग घेतला नाही, हवा अपुरी पडली, डिझेल अर्धवट जळले आणि धूर झाला. टर्बो एंजिनाजवळ असूनही ही गत, तर चार मीटर मागे काय होईल याची कल्पना करा.

म्हणूनच जड ओझे ओढत मोकळ्या रस्त्याने एकसारखे जाणाऱ्या गाडीला मागचा टर्बो मानवतो. दर शंभर पावलांवर थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीला तो कंटाळवाणा होतो. कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांत टर्बो एंजिनाला चिकटूनच असतो, याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण धुरातले विषारी वायू निवारणाऱ्या उत्प्रेरक पेटीचे. तिला लवकर तापावे लागते, म्हणून तिच्या वाट्याची उष्णता वाटेत सांडून चालत नाही.

तेल, पाणी आणि चिखल

मिनिटाला लाख फेऱ्या करणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल एंजिनातून येते. टर्बो एंजिनाजवळ वरच्या बाजूला असेल, तर वापरलेले तेल गुरुत्वाकर्षणाने आपोआप खालच्या तेलटाकीत उतरते. हौद्याखालचा टर्बो मात्र तेलटाकीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली येतो. तेल चढ चढून परत कसे जाईल? त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. तो बंद पडला तर तेल तुंबते, दांड्याच्या बाजूंनी गळते आणि गाडीमागे निळा धूर दिसू लागतो. तेलाची लांब नळी फुटली तर एंजिनच कोरडे पडण्याचा धोका असतो.

हवा गाळणारी गाळणीही खाली चाकांजवळ येते. तेथे धूळ आणि चिखल भरपूर. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेताना पाणी ओढले गेले तर अनर्थ होतो. हवा दाबता येते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरून दट्ट्या वर आला की दट्ट्याचा दांडा वाकतो. मग एंजिन संपलेच.

आणखी एक मर्यादा आहे. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त दाब आणि जास्त तापमान. मर्यादा ओलांडली की ठिणगीची लाट पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते आणि एंजिन आतून ठोके देऊ लागते. म्हणून टर्बो नसलेल्या मूळ एंजिनाला असा जोड देताना जादा दाब सहसा अर्ध्या वातावरणाच्या आसपासच ठेवतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदलेल्या गाडीत मनाजोगते बदल करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. समजून घ्यायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही!

वादाचा निकाल

तर मग, टर्बाइन उष्णतेवर चालते की दाबावर? वायूचे तापमान हे त्याच्याजवळचे भांडवल आणि दाबाची पायरी हा त्यातून खर्च करायचा हिस्सा. भांडवल घटले तर हिस्सा वाढवून काम भागवता येते. एंजिनाजवळचा टर्बो भांडवल राखतो, मागचा टर्बो हिस्सा वाढवतो. आपल्या उदाहरणात त्याची किंमत शक्तीत सव्वा अश्वशक्ती आणि वेळात एखादा सेकंद पडली. ती परवडते की नाही हे गाडीच्या कामावरून ठरवावे.

सोडवून पाहा

१. महाबळेश्वरला हवेचा दाब सुमारे ०.८५ वातावरण असतो. तेथे एंजिनाला एक वातावरण दाबाची हवा द्यायची तर संपीडकाने ती किती पट दाबावी?

२. निष्कास नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळल्यामुळे मागे पोहोचणारा वायू ७५० अंश सेल्सिअस राहिला. तेच ६७ अंशांचे काम मिळवायला त्याने निरपेक्ष तापमानाचा किती टक्के हिस्सा द्यावा?

३. हवेच्या नळीचा व्यास निम्मा केला तर ती भरायला किती वेळ लागेल? मग तसे का करत नाहीत?

उत्तरे: १. सुमारे १.१८ पट. २. सुमारे साडेसहा टक्के. ३. चौथा हिस्सा, परंतु नळीतील हवेचा वेग चौपट होतो आणि कमावलेला दाब घर्षणातच खर्च होऊ लागतो.